पळसाला टांगलेली बाटली

शनिवार, डहीच्या पुढचं रान

टेकडीवर चढले तेव्हा कुठे नेटवर्क आलं आणि आईचा मेसेज दिसला. देवासची आत्या गेली. फोन लावला तर आई म्हणाली, "आधी डोक्यावरून अंघोळ कर, मग रड."

कशी करू? इथे ना नळ, ना हापसा. आहे ती पळसाला टांगलेली पाण्याची बाटली. काल माझ्यासोबत रानात भटकायला आलेल्या निखिलने माझ्या सेफ्टीपिनने तिच्या झाकणाला भोकं पाडली, तोच आम्हा दोघांचा शॉवर. पिनही आत्याचीच. तिच्या बांगड्यांत पिना कायम अडकवलेल्या असायच्या, मी निघताना एक माझ्या हातात ठेवायची.

टेकडीवरून परत येऊन अंगावरच्या कपड्यांनिशी बाटलीखाली उभी राहिले. नुसतं ठिबकतंय, केस भिजेनात. निखिल म्हणाला, "तू बस, प्यायचं पाणी पण ओततो."

"मग पिशील काय?"

"देख लेंगे यार."

अख्खा कॅन ओतला त्याने. तरी मानेमागे कोरडंच वाटतंय. झालं का हे स्नान? विचारू कोणाला? असलं सगळं मी आत्यालाच विचारायचे.

पिन मुठीत धरून बसलेय. मेसेज सकाळचा होता. सकाळी मी याच बाटलीखाली खिदळत होते.