दुसरी चूल

१४ मे १९५९

सकाळी नगरपालिकेच्या बांधकाम समितीबरोबर आमच्या गल्लीतली विहीर पाहिली. वैशाखात विहिरीला पाणी असेल तरच त्या गल्लीत नव्या घराला परवानगी, हा नियम मी सभासद झाल्यावर माझ्याच आग्रहाने झालेला. पोहरा तळाला खडखडला. म्हणजे यंदा एकही घर नाही. मुंबईचे पेन्शनर सगळे इथेच घरं बांधायला निघालेत, त्यांना थोपवायला दुसरा उपाय नाही.

नामंजूर अर्जांत कुसुमचाही. लहानपणी समोरच्या घरातली, पुढे पुण्याला कॉलेजात माझ्याच खोलीतली. नवरा गेल्यापासून मुंबईत करमत नाही, म्हणून इथे दोन खोल्या बांधायच्या होत्या. सही करताना हात थांबला नाही. नंतर जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे असेल.

१७ मे

कु. हजर. एक ट्रंक, एक वळकटी.

"घर बांधू देत नाहीस, राहू तरी देशील ना, इंदू? तुमच्या नियमात घरं मोजतात. माणसं कुठे मोजतात?"

मागची खोली झाडून दिली.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. तिला लहानपणच्या चिंचा शोधायच्या होत्या. तिथे आता चाळ. पूर्वी दिवेलागणीला इथून कंदील मोजता येत. कर्नाळ्याचा सुळका तेवढा जागेवर. कु. त्याच्याकडे बघून म्हणाली, याला परवानगी कोणी दिली? बऱ्याच वर्षांनी रस्त्यात हसले.

२० मे

नथू पाटील आले. वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या शेतातला तांदूळ आमच्याकडे येतो. गेल्या महिन्यात त्यांच्या पडवीतली सुनेची चूल न.पा.ने काढायला लावली. चूल वेगळी तर घर वेगळं, असा ठराव आहे. नाहीतर लोक पडदे बांधून एका घराची चार करतात. ठराव माझा.

पाटील ओट्यावरच बसले. सासू-सुनेचं एका चुलीवर जमत नाही, मुलगा बायकोला घेऊन उरणला निघालाय, असं सांगत होते. "आमी भिंत नाय बांधली, बाई. तीन दगड त मांडले. पोर गेला त शेत कोन बगील?"

अर्ज करा म्हटलं. केलाय म्हणाले. २९ च्या सभेत येईल.

२३ मे

कु.ला माझा स्वयंपाक पसंत नाही. आमटीत गूळ नाही, चहा कोमट. "घरात हेडमास्तरीण कमी हो थोडी." मी म्हटलं, इथे हे असंच असतं. दोघी दिवसभर गप्प. एकटीच्या घरात शांतता असते, ती वेगळी. ही निराळी.

२६ मे

मागच्या पडवीत कोळशाची शेगडी. कु.ने बाजारातून आणली, न विचारता. पहाटे स्वतःचा चहा, दुपारी स्वतःची आमटी.

वास आला आणि वसतिगृहातली खोली आठवली. तिथे शेगडीला मनाई. कु. खाटेखाली लपवायची, रात्री खिडकी उघडून चहा करायची, सगळ्या मुली जमायच्या. मी मॉनिटर. तक्रार कधी केली नाही. चहाही कधी घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायची. त्यांचं हसणं मात्र सगळं…

शेगडी म्हणजे चूल नव्हे, असं म्हणता येईल. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

२७ मे

पाटील कुंपणापाशी थांबले. आमच्या घरावर दोन धूर. पुढचा माझा, मागचा तिचा.

"पावनी हाय वाटतं, बाई?"

हो म्हटलं.

"बरा हाय. घर भरल्यासारखा वाटतं." एवढंच बोलून गेले. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२८ मे

उद्या सभा. दोन चुली म्हणजे पाणी दुप्पट, हे माझं भाषण. शेगडी आल्यापासून घरात एक कळशीही जास्त लागलेली नाही. पाणी लागतं माणसांना. पण पाटलांना हो म्हटलं तर उद्या सबंध गाव पडव्यांत चुली मांडेल, त्यांच्यामागून भाडेकरू येतील आणि विहीर आहे तेवढीच आहे. नाही म्हटलं तर आधी माझी पडवी रिकामी करायला हवी. शेगडी गेली तर कु. राहणार नाही. तसं ती बोलली नाही, पण ट्रंकेतले कपडे अजून कपाटात लावलेले नाहीत.

सभेत आधी माझ्या घरातली चूल सांगणार. लपवून मत देणं जमणार नाही. त्यापुढे हात वर करायचा की नाही, ते अजून…

कु.ने हाक मारली. "इंदू, चहाचं आधण ठेवतेय. तुझं धरून ठेवू का?"

उठून मागे गेले. ठेव म्हटलं.