बदतमीज कोण म्हणालं?

३ फेब्रुवारी
पैठणहून नकार! संघपालच्या वडिलांचा फोन आईनं घेतला. "पोरगी बदतमीज आहे असं कळलं." कुणी कळवलं? नाव सांगेनात.
मला मुलगा आवडला होता. घरात सगळ्यांना माहीत आहे.

४ फेब्रुवारी
मी काय बोलले होते? चहा दिला, बसले, अन् विचारलं — लग्नानंतर माझी लॅबमधली नोकरी राहील ना? संघपाल हसलासुद्धा. ही बदतमीजी?
आमच्यात आगाऊ म्हणतात, तोंडाळ म्हणतात. त्याचं काही वाटत नाही. पण बदतमीज म्हणजे जिला अदब नाही, समोरच्या माणसाची किंमत नाही. असलं नाव पडलं की पुढचं स्थळ दारातूनच वळतं.

७ फेब्रुवारी
रत्नमाला आत्या. दुसरं कोण! स्थळ तिनंच आणलं, पण तिची मुलगी प्रेरणाही लग्नाची आहे.
आज गुलमंडीत दिसली. मला पाहून पटकन दुकानात शिरली. का?

८ फेब्रुवारी
अप्पांना विचारलं — आत्या असं करील? पेपरातून मान वर केली नाही. "जाऊ दे की आता." बहिणीची बाजू घेणारच!

११ फेब्रुवारी
आत्या आली. "दुसरं बघू की माय, लई स्थळं येतील." इतकं गोड!
राहवलं नाही. "आधी माझं नाव खराब करायचं, मग तिथं प्रेरणाला द्यायचं — व्हय ना?"
आईनं कपाळाला हात लावला. आत्या उठली. चहा तसाच ठेवून गेली. अप्पा दारात उभे — बाजूला सरकले.

१२ फेब्रुवारी
अप्पाच!
पुढचं बोलायला एकटेच पैठणला गेले होते. स्टँडवर संघपाल त्याच्या आईला घ्यायला आलेला. तिची पिशवी एसटीत राहिली, तर त्यानं चारचौघांत तिच्या थोबाडीत मारली. ती पदर सावरून त्याच्या मागं चालू लागली.
"तू इतकी खुश होतीस करुणा, सांगायला जीभ रेटेना. त्याच्या बापाला मीच म्हटलं — पोरगी लई बदतमीज आहे, तुम्हाला झेपायची नाय. अन् माझं नाव घेऊ नका."
आत्याला फोन लावतेय. उचलत नाही.