मनगटाची आठ हाडे

मास्तर, आज एका ठाकर म्हाताऱ्याच्या सुजलेल्या मनगटावर बोटं ठेवली आणि माझ्या तोंडून आपसूक तुमची चाल निघाली. तो हसला, "डाक्टर, मंतर घालता काय?" हो म्हणालो. मंत्रच तो.

मुंबईला पहिल्या वर्षी मी नापास झालो होतो. सगळं वैद्यक इंग्रजीत. हाड हातात असायचं, नाव काही जिभेवर येत नसे. सुट्टीत कर्जतला गाडीतून उतरलो तसा बाप मला थेट तुमच्या ओटीवर घेऊन आला. "मास्तर, याला इंग्रजी जमत नाय. आता परत नापास झाला तर आमी याला नांगराला जुंपतो." तुम्हाला तरी इंग्रजी कुठे येत होतं! तुम्ही विचारता, "नाव राहू दे. हाड दिसतं कसं?" मी सांगतो, होडीसारखं, चंद्रकोरीसारखं. तुम्ही डोळे मिटून मांडीवर ताल धरता, आणि पाढ्यांच्या चालीत ओळी उभ्या राहतात: पहिली होडी, दुसरी कोर, तिसरी पाचर, वाटाणा थोर. बाप चक्रावतो, "वाटाणा थोर कसा वो?" "अहो, यमकापुढे वाटाण्याचं काय चालतंय!" मग महिनाभर रोज सकाळी एकेका मराठी शब्दाला त्याचं इंग्रजी नाव बांधून घेतलंत. अडखळलो की, "पुन्हा म्हण, गाढवा!"

परीक्षेत साहेबाने मनगटाची हाडं पुढे ठेवली आणि एकही नाव आठवेना. मग डोळे मिटले, शाळेतल्यासारखा डुलत गुणगुणलो, आणि ओळींमागून इंग्रजी नावं चालत आली. साहेबाला वाटलं, मी प्रार्थना करतोय. पण आठही ऐकून घेतली त्याने. माझं पुढचं सारं आयुष्य तुमच्या त्या ओटीवरून सुरू झालं, मास्तर.

टपालात न पडणाऱ्या या कागदावर तरी खरं लिहितो. पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "आपलं कवन कामाला आलं का रे?" अंगात मुंबईचा नवा कोट होता, साहेबापुढे डुललो याची लाज वाटत होती. म्हणालो, "नाही मास्तर, सगळं इंग्रजीतच आठवलं." केवढे खूश झालात! गावभर सांगत सुटलात, पोराला आता आपला टेकू लागत नाही म्हणून.

पुढच्या सुट्टीत मी पायाच्या हाडांत अडकलो होतो. दोनदा तुमच्या ओटीवर बसून गेलो, पण मागायला तोंड उरलं नव्हतं. मग मीच बांधल्या ओळी. त्यांचं यमक अजून जुळलेलं नाही.