उशाशी ठेवलेली धिंगरी

अगं,

तू उठशील तेव्हा मी घरात नसेन. तुझ्या छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट आणायला गेलोय. दुपारी दोघांनी जायचं ठरलं होतं, पण मला धीर धरवेना.

मी आपल्या खोलीत उशाशी ठेवलेली धिंगरी अळंबी पिकवायची पिशवी, म्हणजे तुझी सवत, गच्चीवर हलवली आहे. बियाणं देणाऱ्या बाई काल फोनवर म्हणाल्या, "काका, वेळेवर तोडली नाही तर पांढरी भुकटी उडते, तिनं खोकला लागतो. ती काय उशाशी ठेवायची वस्तू आहे?" मी विषय बदलला. तेवढं मला जमतं.

सगळी अळंबी तोडून ओट्यावर ठेवली आहे. धुऊ नकोस, फार पाणी पिते. फडक्यानं पुसून हातानं फाड, कढई चांगली तापू दे, मीठ शेवटी घाल. खिडक्या उघड्याच ठेव.

महिनाभर तुझा खोकला ऐकतोय. चाळीस वर्षांत मी एकही चूक कबूल केली नाही, हे तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस. खरं आहे. पण आज रस्ताभर मी एकच मागणं मागणार आहे, या खोकल्यात चूक माझीच निघू दे.