एक हात उंच टाकी

मंगळवार, १४ मे. छावनी

आज प्लंबरने माझं तोंडच बंद केलं. गच्चीवर आमची आणि जाऊबाईंची टाकी खालून एकाच पाइपाने जोडलेली. तरी दुपारी आमचीच रिकामी, त्यांच्यात पाणी! म्हणून पंधरा दिवसांपूर्वी जाऊबाईंना सगळ्यांसमोर बोलले, "वहिनी, जरा बेताने वापरा."

प्लंबर म्हणाला, "भाभीजी, आपका चबूतरा एक हाथ ऊंचा है. पहले आपकी ही खाली होगी."

टाकीखालचा तो ओटा मीच एक हात उंच करवला होता. नळाला जोर यावा म्हणून.

माफी मागायला खाली गेले. जाऊबाई हातपंपावरून बादली आणत होत्या. मी बोलले त्या दिवसापासून त्यांनी नळ उघडलाच नव्हता. आणि तरीही आमची टाकी रोज रिकामी होत होती. मला कळू नये?

मी बादली घ्यायला हात लावला. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, आता सवय झाली."