तुझ्या बाजूने बोलले तेव्हा

प्रिय वकीलबाई,

या नावाने हाक मारलेली तुला आता आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. ऑफिसात एवढी माणसं हाताखाली असताना घरचं टोपणनाव नको वाटणारच. पण तू बोलायला लागलीस तीच मुळी "का" म्हणत, आणि बाबांनी लगेच नाव ठेवून टाकलं, त्याला मी तरी काय करू? फोन सोडून आईने पत्र का लिहिलं, असाही प्रश्न तुला पडला असेल. फोनवर तू फार भराभर बोलतेस आणि मी फार लवकर "बरं" म्हणते. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, एवढंच कारण समज सध्या.

पहिली बातमी अशी, की मी शिकवणीला जाते. इंग्रजीच्या. हसू नकोस. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी संध्याकाळी वर्ग भरतो, आणि त्यात व्याकरण वगैरे काही शिकवत नाहीत. चर्चेत आणि वादात माणसं जी ठरावीक वाक्यं बोलतात, तेवढीच शिकवतात. दाराशी चिकटवलेला कागद वाचला आणि मला तुझं घर आठवलं. मागच्या खेपेला मी तुमच्याकडे होते, तेव्हा एके सकाळी स्वयंपाकघरात छोटीच्या फ्रॉकची शिलाई उसवत बसले होते. पलीकडच्या खोलीत तुझी मीटिंग चालली होती. तू अगदी गोड आवाजात म्हणालीस, "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट." मला वाटलं, समोर कोणीतरी फार मोठा माणूस असणार, म्हणून मी नळसुद्धा हळू सोडला. मग तू बाहेर आलीस आणि पाणी पिता पिता जावईबापूंना सांगितलंस, की आज त्या माणसाला चांगला सोलून काढला. मी बघतच राहिले.

त्याच खेपेला तुमच्या दोघांचं छोटीच्या शाळेवरून वाजलं होतं, आठवतं? आवाज चढले तशी मी छोटीला घेऊन गॅलरीत जायच्या तयारीत होते. तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "फेअर पॉइंट," आणि बटाटे सोलायला लागले. संपलं भांडण. एक भांडं आपटलं नाही कोणी. बाबा होते तोवर आपल्या घरात भांडण दोनच तऱ्हांनी संपायचं. एक तर तुझे बाबा रेडिओचा आवाज वाढवायचे, नाहीतर मी "बरं, तुमचंच खरं" म्हणायचे आणि पुढे दोन दिवस ताटं जरा जोरात ठेवायचे. भांडण संपवायचं तिसरं काही साधन असतं, हे मला या वयात तुमच्या बटाट्यांवरून कळलं.

तर आमच्या वर्गाच्या बाई कोर्टात लघुलेखक होत्या. सगळा जन्म दुसऱ्यांचे वाद उतरवून घेण्यात गेला, स्वतः एक शब्द बोलायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा वर्ग काढला. आता बोलतात त्या, आणि काय बोलतात. म्हणाल्या, "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट असं कानावर पडलं की खुर्ची घट्ट धरायची. मान देऊन झाला, आता पुढे काय येतंय ते बघायचं." आपल्याकडे "राग मानू नका हं, पण" म्हणतात ना, त्याचाच हा चुलतभाऊ. "टू बी ऑनेस्ट" म्हणजे आपलं "खरं सांगू का". मी विचारलं, मग आत्तापर्यंत काय सांगत होता? बाई म्हणाल्या, "कोर्टात हे विचारायची मला फार इच्छा व्हायची." "पॉइंट टेकन" ऐकून मला वाटायचं, आपला मुद्दा कोणी उचलून नेला. तसं नसतं म्हणे. समोरच्याला तो पटलेला असतो, निदान तो तसं म्हणतो तरी. आणि "आय हिअर यू" म्हणजे तुमचं ऐकलं, पण करणार काही नाही. हे वाक्य मी ओळखलं. ते आपल्याकडे एकाच शब्दात आहे, "बघू".

वर्गात माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसतात. अंगाने आडवे, आवाजाने मऊ. आम्ही त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतो. बाईंनी "लेट्स पार्क इट" फळ्यावर लिहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. हा मुद्दा तूर्त बाजूला लावून ठेवू, असा अर्थ कळल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि परत काढायला कोण जातं?" बाई म्हणाल्या, "कोणीच नाही." साहेब म्हणाले, "मग ते पार्किंग नव्हे, भंगार." वर्ग बराच वेळ हसत होता.

शिकलेलं मी दुकानात वापरायला लागले आहे. दुकान म्हणजे आपली खालची खोलीच, तीच दोन मशीन आणि तोच मोठा आरसा. समोरचे औषधवाले दर वर्षी तोच कोट घेऊन येतात आणि कमरेत सैल करून मागतात. दर वर्षी मी "बघू" म्हणते, कोट महिनाभर खुंटीला ठेवते आणि तसाच परत देते. यंदा म्हटलं, "आय सी युअर पॉइंट, बट शिलाईत आता माया उरलेली नाही. आत दुमडलेलं कापड होतं तेवढं मागेच सोडवून दिलं." ते चकित होऊन स्टुलावर बसले. म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत? मी दर वर्षी समजायचो की तुम्ही सैल केलाय आणि मीच अजून सुटलोय." आम्ही दोघंही इतके हसलो, की बाहेरची दोन माणसं डोकावून गेली. त्यांनी नव्या कोटाचं माप दिलं आहे. बटणं किती लावायची यावरून आमचं रोज वाजतं, आणि मला त्याची चांगली गोडी लागली आहे.

आता मागच्या मंगळवारची गोष्ट. सत्र संपलं, म्हणून बाईंनी वादविवाद ठेवला. कोणी कोणत्या बाजूने बोलायचं ते आधी सांगायचंच नाही, चिठ्ठी उचलायची. तुम्हाला जे पटतं त्याच्या उलटही बोलावं लागेल, म्हणाल्या, त्याला इंग्रजीत सैतानाचा वकील म्हणतात, डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट. मला तुझी आठवण झाली, रागावू नकोस. मग त्यांनी फळ्यावर विषय लिहिला: म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलांकडे राहायला जावं की नाही. मी फळ्यावरची नजर काढून वहीत घातली. कारण तुला माहीतच आहे. त्या खेपेला निघताना तू मला मागची खोली दाखवलीस. भिंतींना नवा रंग, खिडकीशी आरामखुर्ची, मशीनसाठी कोपरा. "आई, आता इथेच ये," म्हणालीस, आणि मी म्हटलं, "बघू." तेव्हापासून दर रविवारी तू विचारतेस, "मग कधी?" आणि मी हवापाण्याबद्दल बोलायला लागते.

चिठ्ठी उघडली. "जावं." समोर ड्रायव्हरसाहेब, त्यांच्या चिठ्ठीत "जाऊ नये." ते बिचारे मुलाकडेच राहतात आणि नातवंडांत अगदी रमलेले आहेत. म्हणजे दोघंही उलट्या गाडीत बसलो होतो.

मी उभी राहिले, आणि काय सांगू तुला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तुझीच सगळी वाक्यं बोलले. रविवारी फोनवर तू बोलतेस ती. जिन्यावर पाय घसरला तर कळणार कोणाला. आजारपणात एक पेला पाणी द्यायला कोणी हवं. नातीचं लहानपण एकदाच येतं. आईची काळजी करून करून मुलीचं कामात लक्ष लागत नाही, हेसुद्धा बोलले. फोनवर मी हे सगळं अर्धवट ऐकत होते, डोक्यात उत्तर टाळायची धडपड चालू असायची. त्या दिवशी पहिल्यांदा तुझं म्हणणं मी आतून ऐकलं. त्यात हट्ट नाही, नुसती भीती आहे, आणि प्रेम आहे. हे मला कळलं, म्हणून तुला लिहून ठेवते आहे.

मग साहेबांची पाळी आली. ते फार वाईट बोलले. "स्वातंत्र्य पाहिजे," म्हणाले आणि थांबले. "रस्ता ओळखीचा असतो," म्हणाले आणि पुन्हा थांबले. मी मनातल्या मनात त्यांना वाक्यं पुरवत होते. अहो, असं सांगा ना, तसं सांगा ना. ते खाली बसले तेव्हा मला त्यांची बाही ओढून पुन्हा उभं करावंसं वाटलं. हात वर करून मतं घेतली. मीच जिंकले, जवळजवळ सगळ्यांनी माझ्या बाजूने हात वर केले. टाळ्या वाजल्या. बाईंनी पाठ थोपटली. आणि मला असं वाटत होतं, की माझं काहीतरी हातातून निसटून गेलं.

खाली पायऱ्यांवर मी साहेबांना गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, मी पडण्याबद्दल बोलले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? सांगायचं होतं, की समोरच्या औषधवाल्यांना सकाळी दुकानाचं दार उघडलेलं दिसलं नाही तर ते जिना चढून वर येतात. सांगायचं होतं, की लेकीच्या घरी चमचे कुठे ठेवलेत हेसुद्धा विचारावं लागतं, आणि विचारणारी बाई कितीही लाडकी असली तरी पाहुणीच असते. आणि मुख्य सांगायचं राहिलं, की तिथे माझ्याशी कोणी वाद घालत नाही. सगळे म्हणतात, "आई म्हणेल तसं." जेवायचं काय, आई म्हणेल तसं. पंखा लावायचा का, आई म्हणेल तसं. एकमेकांशी कडाकडा भांडणारी माणसं माझ्याकडे वळली की आवाज मऊ करतात, आजाऱ्याच्या खोलीत करावा तसा. मी अजून आजारी नाही. इथे बटणांवरून रोज कोणीतरी माझ्याशी भांडतं, आणि मला भूक चांगली लागते.

साहेब सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "ताई, हे तुम्ही लेकीला सांगितलंत का?" मी म्हटलं, "नाही." "मग मला का सांगताय? मी तर आधीच हरलोय." आणि बस आली तशी ते चढून गेले, ड्रायव्हरला नेहमीसारख्या सूचना देत. मी बराच वेळ पायऱ्यांवरच उभी होते, आणि मला हसू येत होतं.

बाईंनी शेवटी एक वाक्य शिकवलं होतं, "अ‍ॅग्री टु डिसअ‍ॅग्री." आपलं पटत नाही, हे दोघांनाही पटलं, असा त्याचा अर्थ. मी आपल्या भाषेत त्याला जोडी शोधून पाहिली. "जाऊ दे" आहे, पण त्यात कोणीतरी रुसलेलं असतं. "तुझंच खरं" आहे, पण त्यात कोणीतरी खोटं बोलत असतं. तेव्हा हे वाक्य उसनं घ्यायला हरकत नाही असं मला वाटतं, आपल्या दोघींपुरतं.

तर वकीलबाई, पत्र लिहायचं कारण हे, की मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. "बघू" नाही, "पुढच्या वर्षी" नाही. येणार नाही. ती खोली छोटीला दे, तिला रंगांचा पसारा मांडायला जागा हवी आहे. मी पाहुणी म्हणून येईन, भरपूर राहीन आणि परत माझ्या घरी येईन. हे वाचून तुला राग येईल, कदाचित रडूही येईल, आणि रविवारी फोनवर तू समजूतदारपणे "बरं आई, तुला हवं तसं" म्हणशील, याचीच मला धास्ती आहे. तसं म्हणू नकोस. ऑफिसातल्या त्या माणसाशी भांडलीस तशी माझ्याशी भांड. आवाज चढव. जिन्याबद्दल बोल, माझ्या गुडघ्याबद्दल बोल, विथ ऑल ड्यू रिस्पेक्टने सुरुवात केलीस तरी चालेल, मी खुर्ची धरून बसेन. तुझा एकेक मुद्दा मी नीट ऐकेन, आणि जो बरोबर असेल त्याला बरोबर म्हणेन. आणि तरीही येणार नाही.

तुझीच, आणि तुझ्याशी असहमत,
आई