स्क्रीनला झोपू द्यायचं नाही

४ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कंट्रोल ऑपरेटर, दिवसपाळी. राहायला टाकीमागचं क्वार्टर: दोन खोल्या, लख्ख ओटा, नळाला धो धो पाणी. इथे नसेल तर कुठे असणार, असं बाबा म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. भाऊ सामान लावतोय. काम सोपं आहे. जुन्या टर्मिनलवर पंपांचे आकडे बघायचे, गडबड दिसली की कमांड द्यायची. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, मला आवडली. इनचार्ज बाई मात्र हसल्याही नाहीत. खुर्ची सोडायची नाही, एवढं सांगून दार आपटून गेल्या.

६ फेब्रुवारी
टर्मिनलला एक खोड आहे. थोडा वेळ हात लागला नाही की स्क्रीन झोपते आणि जागी केली की अक्षरं विसकटलेली. ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरतात, टाइप केलेलं दिसत नाही. अंदाजानेच ‘रीसेट’ची कमांड देऊन एंटर मारलं की सगळं सुतासारखं सरळ. केबल बदलली, मॉनिटर बदलला, झोपेची सेटिंगच काढून टाकली. पालथ्या घड्यावर पाणी. फिटरकाका म्हणाले, त्याला झोपू देऊच नकोस पोरी. रात्रपाळीवाला म्हणे रात्रभर स्पेसबार बडवत बसतो. सगळे त्याला टकटक्या म्हणतात.

९ फेब्रुवारी
आज मुद्दाम हात लावला नाही. खोड पकडायचीच होती. स्क्रीन झोपली, तशीच बराच वेळ ठेवली. मग उठवली, रीसेट केलं. बाकी सगळं पुसलं गेलं, एकच ओळ उरली. मी न लिहिलेली.
‘फिटर शिडीवर आहे.’
होते खरे, खिडकीतून दिसत होते. टकटक्याची चेष्टा असेल म्हणून हसले, तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. शिडी जागच्या जागी उभी होती. काका खाली, आणि पायाचं हाड बाहेर आलेलं.

११ फेब्रुवारी
बाईंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. तुला काम काय होतं, म्हणाल्या, कळ दाबत राहायची. त्याचा पाय तू घालवलास. माझ्या आधीचा ऑपरेटर जेवायला उठला आणि त्याची बायको गेली, हेही त्यांनी जांभई देत सांगितलं. मग मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर आली असतीस का?
आता मी जवळ गेले की माणसं पाठ फिरवतात. माझ्या खुर्चीवर कुणीतरी थुंकून ठेवलं होतं.

१२ फेब्रुवारी
निघताना टर्मिनलचा प्लगच उपटला. पंप हाताने चालू-बंद करता येतात. बसा म्हणावं बोंबलत. आज शांत झोपेन.

१३ फेब्रुवारी
बंद करणं म्हणजे सगळ्यात लांब झोप. एवढं साधं मला सुचू नये!
सकाळी बाईंनी मशीन चालू केलं. वरपासून खालपर्यंत एकच ओळ, पुन्हा पुन्हा: ‘टकटक्या हौदात आहे.’
होता.
त्याची पाळीही आता तुझीच, असं म्हणून बाईंनी बाहेरून कडी घातली. मोबाइल काढून घेतला. मी ओरडले. दाराबाहेर कुणीतरी हसलं.

१४ फेब्रुवारी, सकाळ
उजवा अंगठा स्पेसबारवर, डावा हात वहीवर. लिहिलं नाही तर डोळा लागेल. स्क्रीन आता पापणी लवताच झोपायला बघते—माझ्या बोटांची वाट बघत असल्यासारखी. अंगठ्याची साल निघालीय. स्पेसबार ओला—

दुपार
डोळा लागला. क्षणभरच. जागी केली तर—
‘बाबा पायऱ्यांवर आहेत.’

खिडकी समोरच्या भिंतीला. इथून दिसतायत. टाकीच्या पायऱ्या, क्वार्टरकडून येणाऱ्या—बाबा—हातात माझा डबा. अजून उभे आहेत. सावकाश उतरतायत. ओरडतेय, ऐकू जात नाही. काच बडवायला हवी—म्हणजे उठायला हवं—अंगठा काढायला हवा—

मागून भाऊ येतोय. अंगठा काढला तर पुढची ओळ त्याची—

बाबा थांबले. इकडे बघतायत. हात वर केला—नको बाबा, कठडा धरा, कठडा—

उठते. भाऊ, माफ क